लिबियन सिबिलची पाठ : मायकेलअँजेलोचं पूर्वतयारीचं रेखाटन कसं वाचावं?

गेरू

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये (थोडक्यात मेट) मायकेलअँजेलोचा एक कागद आहे. 28.9 × 21.4 सेंमी, लाल खडू, साधारण 1510-11 मधला. सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलची ही तयारी. मागच्या बाजूलाही रेखाटनं आहेत, पण ती काळ्या खडूत. संग्रहालयाने हा कागद 1924 मध्ये विकत घेतला. आता त्याची मोठ्या आकाराची प्रतिमा त्यांच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवून घेता येते. धागा वाचताना ती समोर उघडून ठेवा, नाहीतर निम्मं कळणार नाही.

सिबिल म्हणजे ग्रीक-रोमन पुराणकथांमधल्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियसने नोंदवलेल्या परंपरेप्रमाणे लिबियाची सिबिल ही झ्यूस आणि पोसायडनची मुलगी लामिया यांची मुलगी. छतावर डेल्फी, एरिथ्रिया, क्यूमे, पर्शिया आणि लिबिया अशा पाच सिबिल आहेत आणि त्यांच्या जोडीला बायबलमधले सात संदेष्टे. लिबियन सिबिल वेदीकडच्या टोकाला, जेरेमाया या संदेष्ट्याच्या समोर बसली आहे. छताचं काम 1508 ते 1512 चाललं आणि त्यातल्या उत्तरार्धात ही रंगवली गेली.

कागदावर मधोमध पाठमोरी विवस्त्र आकृती आहे. डोकं आपल्या डावीकडे वळलेलं, चेहरा बाजूने दिसतो, नजर खाली. खाली डाव्या भागात तोच चेहरा पुन्हा काढलाय. शिवाय डाव्या हाताचा पंजा, डावं पाऊल, पायाचा अंगठा (तोही पुन्हा पुन्हा) आणि धडाचा एक ढोबळ आराखडा.

माझं म्हणणं एवढंच की हा कागद प्रश्नांची यादी समजून वाचावा. जे पुन्हा काढलंय तिथे चित्रकाराला उत्तर मिळालं नव्हतं. जे दोन रेघांत सोडलंय ते एकतर त्याला पाठ होतं किंवा कपड्याखाली जाणार होतं. बहुतेक लेख पाठीच्या स्नायूंचं कौतुक करून थांबतात. ते कौतुक रास्तच आहे, पण अंगठ्याकडे कुणी वळत नाही याचं वाईट वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

अस्थिरेखा

छान विषय. पाठीपासून सुरुवात करतो, कारण अंगठ्याचं कारण पाठीतच आहे.

पाठ आपल्याकडे आणि चेहरा बाजूने, म्हणजे नाकाची दिशा आणि छातीची दिशा यांत जवळजवळ काटकोन हवा. मान एका बाजूला साधारण 70 ते 80 अंश वळते. छातीच्या मणक्यांतून आणखी 30-35 अंश मिळतात, कमरेच्या मणक्यांतून जेमतेम 5 ते 10. आता चित्रात बघा, सगळा पीळ मानेवर टाकलेला नाही. खांद्यांची रेषा थोडी फिरली आहे, बरगड्यांचा पिंजरा त्याहून कमी आणि कंबर सर्वांत कमी. पीळ वरून खाली वाटून दिल्यामुळे ही मुद्रा अवघड असूनही अशक्य वाटत नाही. नवशिक्यांच्या नकलेत नेमकं हेच चुकतं. पाठ सरळ समोर ठेवून वर बाजूचा चेहरा बसवतात आणि मान मोडल्यासारखी दिसते.

दुसरी खूण खांद्याच्या पात्याची. हात वर उचलला की पातं जागेवर राहत नाही. ढोबळ प्रमाण 2:1. हात 90 अंश उचलला तर 60 अंश खांद्याच्या सांध्यातून आणि 30 अंश पातं फिरून मिळतात. त्यामुळे पात्याचं खालचं टोक कण्यापासून लांब, काखेकडे सरकतं. मायकेलअँजेलोने ते टोक आणि त्यावरून जाणारे स्नायू कुठे ठेवलेत ते पाहिलं की हात किती वर आहे हे हात झाकूनही सांगता येतं. झाकून बघाच. पात्याच्या जागेवरून हाताचा कोन ओळखता येणं हीच या कागदाची खरी परीक्षा आहे.

काखेची मागची घडी टेरीस मेजर आणि लॅटिसिमस डॉर्साय या पाठीकडून दंडाकडे जाणाऱ्या स्नायूंची. हात उचलल्यावर ती ताणली जाते. खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू मात्र आखडून फुगतो. एक ताणलेला आणि एक आखडलेला असे शेजारी शेजारी आले की खांद्याला जोर येतो. दोन्ही सारखेच फुगवले तर तो जोर जातो.

नवी वही

एक शंका. स्त्रीचं चित्र आहे आणि पाठ तर सरळसरळ पुरुषाची दिसते. मॉडेल पुरुषच होता का?

गेरू

हो, समोर तरुण पुरुष बसवून केलेला अभ्यास आहे, यावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. त्या काळच्या कार्यशाळांमध्ये हाताखालचे शिकाऊ मुलगेच मॉडेल म्हणून उभे राहत, कपडे काढून बसणारी स्त्री मिळणं दुर्मीळ.

अस्थिरेखा

खुणा सांगतो. खांद्यांची रुंदी कंबर-नितंबांच्या मानाने जास्त, मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू जाड, त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नाही, त्यामुळे स्नायूंच्या सीमा उघड्या. पण "पुरुषाला स्त्रीचे कपडे घातले" हे नेहमीचं वाक्य मला अपुरं वाटतं. खाली डावीकडचा दुसरा चेहरा बघा. माझ्या मते गालाची आणि हनुवटीची रेषा तिथे मवाळ होते, म्हणजे मॉडेलपासून सिबिलकडे जाण्याचा प्रवास याच कागदावर सुरू झाला आहे.

भित्तिलेप

भित्तिचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय ही चर्चा अर्धी राहील, म्हणून लिहितो.

छतावर ती सिंहासनावर बसून मागे वळली आहे आणि दोन्ही हातांनी एक भलामोठा उघडा ग्रंथ धरला आहे. वस्त्र पिवळं-नारिंगी, केस वेण्यांत बांधलेले, खांदे आणि दंड उघडे. म्हणजे रेखाटनात ज्या भागावर सर्वांत जास्त मेहनत आहे तोच भाग छतावर उघडा राहिला. कमरेखालचं शरीर कापडाने झाकलं गेलं आणि कागदावरही कमरेखाली रेघा विरळ होत जातात. हा योगायोग मानायला मी तयार नाही. कुठे कापड येणार हे रेखाटताना ठरलेलं होतं, निदान बरंचसं.

बदललं काय? चेहरा, केस आणि कडा. खांद्यांची रुंदी फारशी कमी केलेली नाही. रंगवताना स्नायूंमधल्या सीमा मात्र एकमेकींत मिसळल्या आहेत. कागदावर जिथे सावलीची तीन-चार वळणं आहेत तिथे छतावर एक-दोन दिसतात. याला व्यावहारिक कारणही आहे. छत जमिनीपासून सुमारे 20 मीटर उंच. इतक्या खालून बारीक वळणं दिसतच नाहीत, मोठा उजेड आणि मोठी सावली तेवढी पोचते.

शिवाय आकाराचा फरक लक्षात घ्या. सिंहासनासह ही आकृती छतावर जवळजवळ चार मीटरच्या जागेत आहे. या कागदावरून थेट तिथे जाता येत नाही. मध्ये कार्टून लागतो, म्हणजे चित्राच्या पूर्ण मापाचं कागदावरचं रेखाटन. तो ओल्या गिलाव्यावर धरून एकतर रेषांवर टोचलेल्या भोकांतून कोळशाची पूड झटकायची किंवा टोकदार काडीने रेषा गिरवून गिलाव्यात खाच पाडायची. सिस्टीन छतावर दोन्ही प्रकारच्या खुणा सापडल्या आहेत. मेटच्या कागदावर मोठं करण्यासाठी आखलेल्या चौकटी दिसत नाहीत. त्यामुळे हा टप्पा कार्टूनच्या आधीचा, शरीर समजून घेण्याचा, असं धरणं योग्य.

ओळंबा

आता अंगठ्याकडे येऊ, कारण गेरू यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

भित्तिचित्रात तिचं वजन पायाच्या पुढच्या भागावर आहे, टाच उचललेली, बोटं दाबलेली. वर धड पिळलेलं, दोन्ही हात जड ग्रंथावर आणि खाली आधार बोटांचा. बोटं खरोखर दाबलेली दिसली नाहीत तर एवढी मोठी बाई हवेत तरंगेल. म्हणजे संपूर्ण आकृतीचा भार खरा वाटणं या इंचभर जागेवर अवलंबून आहे आणि म्हणूनच अंगठा पुन्हा पुन्हा काढलाय.

अंगठ्याची रेखाटनं मोठी करून तीन गोष्टी बघा. एक, अंगठ्याच्या तळाचा मांसल भाग जमिनीवर पसरून कडेने फुगतो. दोन, पेराशी अंगठा मागे वाकतो, त्यामुळे वरच्या बाजूला कातडीची घडी येते. तीन, सर्वांत गडद सावली बोट आणि जमीन जिथे टेकतात तिथे असते, ती थोडी वर सरकली तरी बोट टेकलेलं वाटत नाही. पाऊल काढताना बहुतेक जण नखावर वेळ घालवतात. नख चुकलं तरी चालतं, टेकण्याची रेषा चुकली तर चालत नाही.

एक सावधगिरी. मुख्य आकृती आणि पाऊल कागदावर जोडलेले नाहीत. त्यामुळे मानेच्या मणक्यापासून ओळंबा सोडून तोल तपासायचा तर तो भित्तिचित्रावर सोडावा. या कागदावर सोडून काढलेला निष्कर्ष पोकळ ठरेल.

नवी वही

मग ती ग्रंथ उचलते आहे की खाली ठेवते आहे? दोन्ही वाचायला मिळतं.

ओळंबा

रेखाटनावरून ठरत नाही. ग्रंथ इथे काढलेलाच नाही आणि वजन उचलताना आणि सावकाश खाली ठेवताना पाठीचे जवळजवळ तेच स्नायू काम करतात, फरक आखडण्याच्या आणि हळूहळू सैल होण्याच्या दिशेचा. स्थिर चित्रात तो फरक पकडता येत नाही.

भित्तिलेप

सहमत. आणि ती उठते आहे की वळून बसते आहे हेही मोकळंच ठेवलंय. मला तर ती संदिग्धता मुद्दाम जपलेली वाटते. पुढच्या क्षणी काय होईल हे न ठरल्यामुळेच ती मूर्तीसारखी गोठत नाही.

हातांबद्दल एक जोड. मेटच्या कागदावर डावा हात आहे. उजव्या हाताचा अभ्यास ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधल्या कागदावर आहे. तिथेच सिबिलच्या शेजारच्या बालकाचं लाल खडूतलं रेखाटन आहे आणि उरलेल्या जागेत पोप ज्युलियसच्या थडग्यासाठीच्या बंदिवानांची छोटी पेनची रेखाटनं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. एकाच आकृतीचे सुटे भाग वेगवेगळ्या कागदांवर विखुरले आहेत, म्हणजे एकच कागद पाहून "त्याने अमुक अवयवाचा अभ्यास केला नाही" असं म्हणायची सोय नाही.

कांडी

माध्यमाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

लाल खडू म्हणजे हेमॅटाइट, लोहाचं ऑक्साइड मिसळलेली नैसर्गिक माती. ती खाणीतून काढून कापून कांड्या करत. काळ्या खडूपेक्षा टणक असल्यामुळे तिला बारीक टोक येतं आणि टिकतं. पाठीसारख्या जागी, जिथे नखाएवढ्या भागात उजेड-सावली दोनदा बदलते, तिथे हा गुण कामी येतो. रंग त्वचेच्या जवळचा असल्याने फिकट रेघसुद्धा सावली न वाटता मांस वाटते. काळ्या खडूत तीच फिकट रेघ राखाडी आणि थंड दिसते.

तोटा असा की लाल खडू पूर्ण खोडता येत नाही, डाग राहतो. त्यामुळे चुकीची रेघ पुसण्यापेक्षा शेजारी नवी, जास्त ठाम रेघ मारावी लागते. अशा कागदांवर कडेला दोन-तीन समांतर रेषा दिसल्या तर सर्वांत फिकट ती पहिली आणि सर्वांत गडद ती शेवटची, असं बहुतेक वेळा धरता येतं. कडा वाचायची ही पहिली पायरी.

पाठीवरची छाया मुख्यतः आकाराभोवती वळणाऱ्या रेघांच्या जाळीने बांधली आहे. रेघा सपाट तिरप्या नाहीत. पात्यावरून जाताना त्या पात्याच्या उंचवट्याबरोबर वाकतात आणि खळगीत शिरताना दिशा बदलतात. रेघेची दिशा बदलली तिथे पृष्ठभाग बदलला. एक काम करा, प्रतिमा फिकट करून छापा आणि फक्त रेघांच्या दिशेचे बाण काढा. स्नायूंची नावं माहीत नसली तरी पाठीचा नकाशा तयार होतो.

उजेडाच्या जागी बहुतेक ठिकाणी कोरा कागद सोडलाय. डाव्या खांद्यावर मात्र पांढऱ्या खडूचे छोटे ठिपके आहेत. पांढरा एवढाच आणि इथेच का? कारण हा खांदा आपल्या सर्वांत जवळ येतो आणि चेहऱ्याच्या बाजूचाही आहे. पांढरा सगळीकडे फासला असता तर खांदा पुढे आला नसता.

नवी वही

नक्कल करून शिकायचं असेल तर क्रम काय ठेवावा? आणि कागद-खडू कोणते?

कांडी

आधी साहित्य. मूळ कागदाचा आकार जवळजवळ ए4 एवढाच आहे, उंची 8 मिलिमीटर कमी आणि रुंदी 4 मिलिमीटर जास्त. त्यामुळे खऱ्या मापात छापणं सोपं, दोन्ही कडांचे दोनेक मिलिमीटर जातील तेवढेच. छापताना "पानाला बसवा" हा पर्याय बंद करा, नाहीतर माप बदलतं.

नकलेसाठी किंचित दाणेदार, पिवळसर कागद घ्या. पांढराशुभ्र आणि गुळगुळीत कागद टाळा, त्यावर पांढऱ्या खडूला वाव नसतो आणि लाल खडू घसरतो. खडू म्हणून सँग्विन, म्हणजे लाल-तपकिरी खडूची पेन्सिल चालेल. मेणाचं प्रमाण जास्त असलेल्या कांड्या टाळा, त्यांच्यावर दुसरा थर बसत नाही, चकाकी येते. टोक ब्लेडने लांब काढा, साधारण दोन सेंटिमीटर, आणि सँडपेपरवर फिरवत राहा. टोक बोथट झालं की सगळी पाठ एकाच जाडीची होते.

ओळंबा

क्रमाचं मी सांगतो, कारण इथे घाई झाली की सगळं बिघडतं.

पहिल्यांदा ट्रेसिंग पेपर. छापील प्रतीवर ठेवून फक्त हाडांच्या खुणा ठिपक्यांनी घ्या. मानेच्या तळाचा बाहेर आलेला मणका, दोन्ही पात्यांची आतली कड आणि खालचं टोक, खांद्यांचे माथे, कण्याची खळगी, कान, हनुवटी. मग खांद्यांचे माथे एका रेषेने जोडा, कंबरेचा कल दुसऱ्या रेषेने, डोक्याचा कल तिसऱ्या रेषेने. या तीन रेषा एकमेकींना समांतर नाहीत, हे दिसलं की पीळ समजला. कण्याची खळगी एकाच ओघात वक्र काढा, तुकड्यातुकड्यांनी नको.

त्यानंतर वेगळ्या कागदावर डोळे किलकिले करून फक्त दोन टोन, उजेड आणि सावली. मधला टोन नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग प्रत्येक स्नायू स्वतंत्र उंचवटा म्हणून रंगवत बसतात. मायकेलअँजेलोकडे इतके उंचवटे असूनही पाठीचा सावलीकडचा भाग एकसंध सावलीत राहतो, सावलीतले तपशील दबलेले आहेत. नकलेत सावलीतसुद्धा चमक दिली की पाठ सोललेली दिसते. हा दोष सर्वांत जास्त आढळतो.

मग खरी नक्कल. रेषा हलकी, सगळीकडे सारखी. नंतर रेघांच्या दिशेने पहिला थर, मग आडवा छेदणारा दुसरा, तोही फक्त सावलीत. गडद ठळक जागा शेवटी आणि मोजक्या, कानामागे, काखेच्या घडीत, पात्याच्या खालच्या कडेला. पांढरा सर्वांत शेवटी आणि फक्त डाव्या खांद्यावर. लाल थरावर पांढरा घासला तर गुलाबी चिखल होतो, म्हणून ती जागा आधीपासून कोरी ठेवा.

कांडी

एक दुरुस्ती सुचवतो. सावलीत बोटाने घासायचा मोह होतो, निदान पहिल्या नकलेत घासू नका. घासल्यावर रेघांची दिशा जाते आणि ती गेली की या कागदातून शिकण्यासारखं निम्मं जातं.

भित्तिलेप

तुलनेसाठी मायकेलअँजेलोचा समकालीन चित्रकार राफाएल याचा एक कागद सुचवतो. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातल्या, लाल खडूतल्या तीन ग्रेस, म्हणजे लावण्याच्या देवता, 20.3 × 25.8 सेंमी, साधारण 1517-18. रोमच्या व्हिला फार्नेसिनातल्या क्युपिड आणि सायकीच्या विवाहभोजनाच्या दृश्यासाठी केलेल्या. तिथे एकच स्त्री मॉडेल तीन मुद्रांत काढली आहे असं मानतात.

फरक लगेच जाणवतो. राफाएलच्या रेघा लांब आणि समांतर, स्नायूंच्या सीमा फारशा नाहीत, वजन खांद्यांपेक्षा नितंब आणि मांड्यांत. आणि खडूखाली बोथट काडीने, रंगाशिवाय दाबून काढलेल्या रेषा आहेत. मूळ कागद बघायची संधी मिळाली तर उजेड एका बाजूने, अगदी तिरपा पडत असताना बघा, त्या खाचा तेव्हाच दिसतात. छायाचित्रात सहसा हरवतात.

अस्थिरेखा

ही तुलना महत्त्वाची आहे, पण "राफाएल बरोबर, मायकेलअँजेलो चूक" असा निकाल त्यातून काढू नये. ग्रेस देवतांना नाजूक तोल हवा होता. सिबिलला एक प्रचंड ग्रंथ पेलायचा होता आणि तोही 20 मीटर खालून दिसायला हवा होता. अरुंद खांद्यांची सिबिल त्या सिंहासनात हरवली असती. काम बदललं की शरीर बदलतं.

नवी वही

शेवटचं विचारतो. मुख्य आकृतीची नक्कल आधी करावी की सुट्या भागांची?

गेरू

पाऊल आधी. अंगठ्याच्या नकलेला अर्धा तास पुरतो, त्यात टेकण्याची रेषा आणि दाब कळतो. मग पंजा, मग खालचा चेहरा आणि मुख्य पाठ शेवटी. पाठीपासून सुरुवात केली की डोळे स्नायूंत अडकतात आणि वजन कुठे जातंय हा प्रश्नच पडत नाही. दोन्ही चेहरे मात्र एकाच बैठकीत, शेजारी शेजारी काढा. नाकाचं टोक ते हनुवटी आणि कान ते जबड्याचा कोपरा ही दोन अंतरं दोन्हीकडे कंपासने मोजून घ्या आणि नकलेत तीच ठेवा. मॉडेल कुठे संपला आणि सिबिल कुठे सुरू झाली हे त्या मापांवर आणि गालाच्या कडेवर शोधायचं आहे. तुमच्या नकला इथे टाकल्यात तर त्यांवर खुणा करून देता येतील.